स्नेह्याची स्तुति

मित्राच्या पुस्तकावर चार शब्द लिहिणें हें काम वरकरणी जितकें सोपें तितकेंच मुळांत अवघड आहे. परक्याच्या पुस्तकाविषयीं लिहितांना टीकाकाराला निदान ग्रंथकाराचा चेहरा दिसत नाहीं. मित्राचें पुस्तक उघडलें कीं पानापानाआडून ओळखीचा चेहरा डोकावूं लागतो, आणि त्या चेहर्‍यावरील अपेक्षा पाहून लेखणी आपोआप मऊ होते. हा मऊपणा म्हणजे स्नेह कीं आळस, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ वर्षें पडला नव्हता. तो आमच्या एका सातारकर मित्रानें पाडला.

हे गृहस्थ सातार्‍यास शिक्षक होते. आतां सेवानिवृत्त आहेत. बारा वर्षांपूर्वीं त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला, त्याचा प्रकाशनसमारंभ सांगलीस झाला आणि व्यासपीठावरून बोलण्याचा मान आम्हांला मिळाला. आम्ही वीस मिनिटें बोललों. 'भावोत्कट', 'नादमधुर', 'या मातींतून उगवलेली' हे शब्द आम्हीं वापरले. टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ आणि चहा झाला. गेल्या मार्गशीर्षांत हेच मित्र दुसर्‍या संग्रहाचें हस्तलिखित घेऊन आमच्याकडे आले व प्रस्तावना मागूं लागले. आम्हीं आनंदानें होकार दिला. निघतांना दारांत चपला घालतां घालतां ते म्हणाले, "एक विचारूं का? राग मानूं नका. सांगलीच्या भाषणांत आपण माझी कविता नादमधुर आहे असें म्हणालां होतां. ती कोणती कविता? बारा वर्षें मी ती शोधतों आहें."

आम्हांला एकही कविता आठवेना. तो संग्रह आम्हीं समारंभाला जातांना एस. टी.मध्यें, कराड येईपर्यंत, चाळला होता. ही गोष्ट त्यांना सांगण्याचें धैर्य त्या दारांत आम्हांला झालें नाहीं. आम्ही कांहींतरी पुटपुटलों आणि ते जिना उतरून गेले. या लेखांत स्नेह्यांच्या स्तुतीची जी तपासणी आम्ही करणार आहों, तींत पहिला आरोपी कोण, हें वाचकांना आधींच कळलेलें बरें.

आमच्याकडील लग्नघरांत आहेराची वही असते. कोणीं काय दिलें हें तींत लिहून ठेवतात, आणि त्याच्या घरीं कार्य निघालें म्हणजे वही पाहून तितक्याच मोलाचा आहेर करतात. या रीतींत वाईट कांहीं नाहीं. एकमेकांच्या आधारानें कार्यें पार पडतात. पण आहेराच्या रकमेवरून वधूवरांची योग्यता कोणी ठरवीत नाहीं. साहित्यांत मात्र आम्हीं हीच वही टीकेच्या नांवानें चालविली आहे. त्यानें आमच्या संग्रहाला 'अंतर्मुख करणारा' म्हटलें, आम्हीं त्याच्या संग्रहाला 'अस्वस्थ करणारा' म्हटलें. हिशेब चुकता झाला. हल्लीं तर प्रस्तावनेचीही वाट पाहावी लागत नाहीं. हातांतल्या फोनवर कविता आली कीं ती वाचण्यापूर्वींच उंचावलेल्या आंगठ्याचें चित्र रवाना होतें. यांत दोष फोनचा नाहीं. फोन नव्हता तेव्हां हेंच काम पोस्टकार्डावरील 'कविता फार आवडल्या' हें वाक्य करीत असे.

अशा व्यवहाराची थट्टा जुनीच आहे. उंटाच्या लग्नांत गाढवें गायला आलीं, आणि गाढवांनीं उंटाच्या रूपाची व उंटांनीं गाढवांच्या आवाजाची वाहवा केली, ही गोष्ट संस्कृत जाणणार्‍यालाच नव्हे तर न जाणणार्‍यालाही ठाऊक असते. परंतु त्या बिचार्‍यांना आम्ही उगीच हंसतों. एकानें रूप व दुसर्‍यानें आवाज असा नेमका गुण तरी त्यांनीं निवडला होता. तो नसेना का! आमच्या प्रस्तावनांत तेवढाही नेमकेपणा नसतो. त्या कोणत्याही पुस्तकाला लावाव्या आणि कोणत्याही पुस्तकापासून काढाव्या.

या बाबतींत सातार्‍याच्या लेखकाला उपदेशासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. ज्या समर्थांचें वास्तव्य चाफळ व सज्जनगड येथें झालें, त्यांच्या दासबोधाची मांडणीच पाहावी. पहिला दशक बहुतेक स्तवनांचा आहे. गणेश, शारदा, सद्गुरु व संत यांच्या पाठोपाठ समर्थ श्रोत्यांचें, कवींचें आणि सभेचेंही स्तवन करतात. प्रत्येकाला स्वतंत्र समास दिला आहे. हा दशक संपतो तोंच दुसर्‍याच्या पहिल्या समासांत मूर्खांचीं लक्षणें सुरू होतात, आणि आपणच आपली स्तुति करणारा त्यांत येतो. त्याच दशकाच्या शेवटच्या समासांत पढतमूर्खाचीं लक्षणें आहेत. त्यांतलें एक असें कीं, ग्रंथ समूळ न पाहतां जो त्याला दूषण ठेवतो तो पढतमूर्ख. आमच्या लेखनावर कोणीं तोंडसुख घेतलें म्हणजे हें लक्षण आम्हीं त्याला अनेकदां ऐकविलें आहे. मित्राच्या प्रश्नानंतर मात्र तें उलट बाजूनें वाचावेंसें वाटलें. ग्रंथ समूळ न पाहतां जो त्याला भूषण देतो, तो कोण? त्याचेंही पान त्याच पंगतींत मांडावें लागेल. फरक इतकाच कीं, पहिल्याला लोक दुष्ट म्हणतात आणि दुसर्‍याला सुहृद् म्हणतात.

वाचल्यावांचून स्तुति करतां येते. पण ऐकल्यावांचून करतां येत नाहीं, हें सांगलीच्या रंगभूमीला चांगलें ठाऊक होतें. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांपासून या गांवाचा नाटकाशीं संबंध आहे. जवळच्या हरिपुरांत गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांची 'शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आली. संगीत नाटकाच्या त्या काळांत प्रेक्षक 'वन्समोर' देत. या वन्समोरला पुष्कळांनीं नांवें ठेवलीं आहेत आणि तीं रास्तही आहेत. तेंच पद पुन्हां पुन्हां म्हटल्यानें नाटकाची गति मोडते व रंगलेला प्रसंग अर्ध्यावर लटकतो. तथापि स्तुति या दृष्टीनें वन्समोरमध्यें एक मोठा गुण आहे. तो कोणत्या पदाला मिळाला हें सार्‍या नाटकगृहाला ठाऊक असतें. कोणत्या पदाला मिळाला नाहीं, हेंही ठाऊक असतें. गाण्याच्या बैठकींतली दादही अशीच. समेवर आलेली दाद जाणत्याची. सम निघून गेल्यावर शेजार्‍याकडे पाहून डोललेली मान कोणाची, हें गवयाला पुरतें कळतें. कवीचें दुर्दैव असें कीं, त्याला तें कळत नाहीं. ऐकून आलेली दाद आणि शेजार्‍याकडे पाहून आलेली दाद त्याच्या टपालांत एकाच आकाराच्या पाकिटांतून येतात.

आतां ज्यांच्यावर परस्परस्तुतीचा आरोप सहज करतां येईल अशा मंडळीकडे वळूं. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. त्यांतील दोन प्रमुख कवि आमच्या प्रांतींचे होते. गिरीश, म्हणजे शंकर केशव कानेटकर, १८९३ सालीं सातार्‍यास जन्मले आणि पुढें सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत मराठीचे अध्यापक होते. यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, १८९९ सालीं चाफळास जन्मले. त्यांचें शिक्षण सांगलीस झालें व तेथें साधुदासांसारखा काव्यगुरु त्यांना लाभला. माधव जूलियन, श्री. बा. रानडे व मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे यांच्यासह ही मंडळी एकत्र जमत, चहा घेत आणि एकमेकांना कविता म्हणून दाखवीत. आरंभीं त्यांनीं आपल्या कविता एकत्र छापल्या. सभासभांतून त्या गाऊन दाखविल्या. इतकें सख्य पाहून लोकांच्या मनांत शंका आली नसती तरच नवल.

पण या मंडळाचा विचार करतांना दोन गोष्टी विसरतां येत नाहींत. पहिली ही कीं, कविता मोठ्यानें म्हणून दाखविण्याची रीत श्रोत्याला लपूं देत नाहीं. यति चुकला तर कान ठेंचाळतो, आणि समोरच्या चार जणांचे कान एकाच जागीं ठेंचाळले हें म्हणणार्‍याला दिसतें. त्यांत माधव जूलियन तर छंदःशास्त्राचे मोठे व्यासंगी. त्यांची 'छंदोरचना' १९२७ सालीं निघाली व दहा वर्षांनीं तिची सुधारून वाढविलेली आवृत्ति आली. असा मनुष्य समोर बसला असतां 'छान आहे' एवढ्यावर चहा संपत असेल असें आम्हांला वाटत नाहीं. या मंडळाच्या कवितेंत आज जो भाग फिका वाटतो, तो आमच्या मतें मित्रांच्या बैठकीनें बिघडविलेला नसून सभेच्या टाळीनें बिघडविलेला आहे. टाळी सार्‍या कवितेला मिळते. बैठकींतला मित्र ओळीपाशीं थांबतो.

दुसरी गोष्ट मंडळाबाहेरची आहे. १९२५ सालीं 'केशवकुमार' या नांवानें अत्र्यांनीं 'झेंडूचीं फुलें' हा विडंबनांचा संग्रह काढला आणि त्यांत या पिढीच्या कवितेच्या लकबी हास्यास्पद करून सोडल्या. विडंबन हें स्तुतीच्या अगदीं उलट टोकाला असतें असें मानतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. विडंबन करणार्‍याला मूळ कवीचें वृत्त, त्याचे लाडके शब्द, त्याची उसासा टाकण्याची जागा, हें सारें पाठ असावें लागतें. त्यानें कवीला टोचलें असेल. पण टोचण्यासाठीं नेमकी जागा शोधण्याइतका तो कवीच्या जवळ गेलेला असतो. अत्र्यांनीं या कवींना जितक्या लक्षपूर्वक वाचलें असेल, तितक्या लक्षपूर्वक आम्हीं आमच्या स्नेह्याला वाचलें नव्हतें, हें कबूल करणें भाग आहे. आम्ही शाल पांघरवून मोकळे झालों.

मग स्तुति करावी ती कशी? यालाही उदाहरण सांगलीच्याच सुपुत्राचें आहे. वि. स. खांडेकर १८९८ सालीं सांगलीस जन्मले. १९४२ सालीं त्यांनीं पुढाकार घेऊन कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा संग्रह प्रसिद्ध केला व त्याला स्वतः प्रस्तावना लिहिली. त्या वेळीं खांडेकर हे महाराष्ट्राचे लाडके कादंबरीकार होते आणि कुसुमाग्रज त्यांच्याहून चौदा वर्षांनीं लहान. प्रस्तावनाकार मोठा व कवि लहान असला म्हणजे प्रस्तावनेचा बहुधा आशीर्वाद होतो, आणि आशीर्वाद द्यायला वाचावें लागत नाहीं. खांडेकरांनीं नुसता आशीर्वाद दिला असता तर त्यांचें कांहींच जाणार नव्हतें. परंतु संग्रह पुढें आणण्याचा भार त्यांनीं अंगावर घेतला. तो वाचकांना रुचला नसता तर त्यांच्या रसिकतेलाही बोल लागला असता. पुढें १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना व १९८७ चा कुसुमाग्रजांना मिळाला. त्यावरून ती स्तुति खरी ठरली असें म्हणणें आम्हांला रुचत नाहीं. ती १९४२ सालींच खरी होती, कारण तिला जामीन होता.

आहेर करणें आणि जामीन राहणें यांत जें अंतर आहे तेंच या दोन स्तुतींत आहे. आहेर देऊन मनुष्य उठतो, जेवतो आणि घरीं जातो. जामीन राहणारा कागद नीट वाचून सही करतो, कारण पुढें जें होईल त्यांत त्याचाही वांटा असतो. आमची 'नादमधुर' ही सही न वाचलेल्या कागदावरची होती.

खरी प्रशंसा छापील पानावर येण्यापूर्वीं स्नेहांत तिची तयारी व्हावी लागते. सांगलीचे म. द. हातकणंगलेकर व धारवाडचे जी. ए. कुलकर्णी यांच्या स्नेहांत पत्रांचा वांटा मोठा होता, जी. एं.चीं पत्रें पुढें पुस्तकरूपानेंही आलीं. हातकणंगलेकर टीकाकार, २००८ सालीं सांगलीस भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. टीकाकार व कथाकार यांचा असा स्नेह जुळला म्हणजे लोकांना टीकेची काळजी वाटूं लागते. आमची समजूत उलट आहे. पत्राला उत्तर देण्यापूर्वीं दोन दिवस विचार करतां येतो, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून जें बोलवत नाहीं तें कागदावर लिहवतें. 'ही कथा मला पोंचली नाहीं' असें जेथें मित्राला खासगींत म्हणतां येतें, तेथेंच चारचौघांत केलेली प्रशंसा विश्वासार्ह होते. ज्या स्नेहांत नापसंतीला वाव नाहीं, त्यांतल्या पसंतीला वजन कोठून येणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. लहान गांवांत एकट्यानें लिहिणार्‍याला वाचक मिळत नाहींत; टीका तर दूरच. अशा मनुष्याच्या पाठीवर थाप मारली, तींत चार शब्द जास्त झाले, तर बिघडलें काय? कोरड्या खरेपणानें रोपटें जळतें, असें हे लोक म्हणतात. त्यांचें निम्में म्हणणें आम्हांला मान्य आहे. दोष दाखविणें म्हणजेच प्रामाणिकपणा, ही समजूत पढतमूर्खाची आहे, आणि ती बाळगणारे टीकाकार स्नेह्यांचा उपमर्द करून त्याला निर्भीडपणा म्हणतात. थाप अवश्य मारावी. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ती पाठीवर मारावी, हवेंत मारूं नये. हवेंत मारलेली थाप वायां जाते, इतकेंच असतें तर आम्हीं हा लेख लिहिला नसता. ती वायां जात नाहीं. ती भलतीकडे लागते.

हें आम्हांला नव्या हस्तलिखितानें शिकविलें. मित्र गेल्यावर आम्हीं तें प्रथमच हातांत पेन्सिल घेऊन वाचलें, आणि मग कपाटांतून त्यांचा पहिला संग्रह काढून तोही तसाच वाचला. पहिल्या संग्रहांत नाद जवळजवळ नव्हताच. जी कविता आम्हीं बारा वर्षांपूर्वीं चाळून टाकली होती तींत एक मास्तर होता. पावसाळ्यांत शाळेचें छप्पर गळत आहे. तो मुलांना एकेक हात कोरड्या बाजूला सरकवीत धडा पुढें नेतो, आणि शेवटीं सारा वर्ग एका कोपर्‍यांत, दाटीनें, गुण्यागोविंदानें बेरजा करीत बसलेला आहे. त्या कवितेंत एक विशेषण नाहीं, एक उपमा नाहीं. असा कोरडा, नेटका, हिशेबी हात आमच्याकडे फार थोड्या कवींना आहे. नव्या हस्तलिखितांत तो हात क्वचितच दिसला. तेथें पैंजणें होतीं, झुळझुळणारी कृष्णा होती, आणि यमकांना यमकें टाळ्या देत होतीं. एका मान्य टीकाकारानें सांगलीच्या सभेंत आपल्याला नादमधुर म्हटलें, या समजुतीनें एका प्रामाणिक मनुष्यानें बारा वर्षें आपल्या ठिकाणीं नसलेला नाद साधण्यासाठीं खर्च केलीं होतीं. त्याला त्या वेळीं कोणीं शिवी दिली असती तर तो चार दिवसांत विसरला असता.

आम्ही त्यांच्या घरीं गेलों आणि हें सारें त्यांना सांगितलें, एस. टी.ची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहींत. वहिनींनीं चहा आणून ठेवला, तो निवाला. मग ते म्हणाले, "म्हणजे ती कविता नव्हतीच."

आम्ही म्हटलें, "नव्हती. पण छपराची आहे."

"ती तर मी दुसर्‍या आवृत्तींत गाळणार होतों," ते म्हणाले. "तींत नाद नाहीं म्हणून."

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनीं हस्तलिखितांतल्या निम्म्याहून अधिक कविता काढून टाकल्या. त्या काढण्यांत आम्हीं भाग घेतला नाहीं. तो त्यांचा अधिकार होता. राहिल्या त्यांपैकीं पांच कवितांवर आम्हीं प्रस्तावना लिहिली. ती दीड पानांची झाली. कोणत्या कवितेंत काय साधलें आणि कोणत्या दोन ठिकाणीं काय राहून गेलें, एवढेंच तींत आहे. आमच्या आजवरच्या प्रस्तावनांत ती सर्वांत लहान आहे, आणि तिला लागले तितके दिवस दुसर्‍या कोणत्याही प्रस्तावनेला लागले नाहींत.

छापायला देण्यापूर्वीं आम्हीं ती त्यांच्याकडे पाठविली. आठ दिवसांनीं परत आली. शेवटच्या वाक्यांत, संवयीनें असेल, आमच्या हातून 'अत्यंत' हा शब्द पडला होता. त्याखालीं पेन्सिलीची रेघ होती, आणि समासांत शिक्षकी अक्षरांत लिहिलें होतें: "हा कोणत्या ओळीसाठीं?"

आम्हीं तो शब्द काढला.